बेस ऑइल मिसळून घरीच इंजिन ऑइल? (निपाणी-बेळगाव पट्ट्यातले ट्रॅक्टरवाले, गॅरेजवाले, हायड्रॉलिकवाले, सगळे या)

तवंदीघाट :
नमस्कार मंडळी. निपाणीजवळ आमची शेती आणि हंगामात उसाची वाहतूक. गाळप सुरू झालं की डबल ट्रॉलीनं ट्रॅक्टरचा जीव निघतो. ओढताना निघतो तो निघतो, उरलासुरला कारखान्याच्या यार्डात रांगेत उभ्या उभ्या इंजिन चालू ठेवून निघतो. ऑइलचा खर्च दर हंगामाला वाढतोच आहे.

माझा आतेभाऊ उद्यमबागेत हायड्रॉलिक सिलिंडरच्या कारखान्यात असतो. त्याच्या ओळखीचे एकजण एन-१५० (पातळ) आणि एन-५०० (जाड) बेस ऑइलचे, म्हणजे काही न मिसळलेल्या मूळ ऑइलचे, बॅरल आणून हायड्रॉलिक ऑइल बनवून देतात. आतेभावाचं म्हणणं, त्याच दोन बॅरलांतून इंजिन ऑइलही होतं. अ‍ॅडिटिव्हचा डबा (गुण वाढवणारी रसायनं) वेगळा मिळतो, तो ओतला, ढवळला, की झालं १५डब्ल्यू-४० ग्रेडचं इंजिन ऑइल. खरंच इतकं सोपं असेल तर डबाबंद ऑइल घ्यायचं कशाला? आणि सोपं नसेल तर नेमकं अडतं कुठं? 'गुगल करा' म्हणणाऱ्यांनी कृपया पुढच्या धाग्यावर जावं.

कुंदा_कमी_साखर :
कढई मोठी घ्या, तळाला लागू देऊ नका, आणि पहिली चव आतेभावाला द्या.

गॅरेजअण्णा :
तवंदीदादा, ऑटोनगरात माझं आयुष्य इंजिनं उघडण्यात चाललंय. सरळ सांगतो. ऑइल दोन बोटांत धरून बघायचं. जाड लागलं, तार सुटली, तर चांगलं. पाण्यागत लागलं तर परत द्यायचं. जुन्या ट्रॅक्टरला साधं ४० नंबर घाला की ओ, ते बेस-फेस कशाला पाहिजे? निम्मी गिऱ्हाईकं पातळ ऑइल घालून येतात आणि मग "अण्णा, धूर मारायलंय" म्हणतात.

शहापूरचा_पंप :
हायड्रॉलिकच्या धंद्यातला आहे, म्हणून तेवढ्यापुरतं लिहितो. ६८ नंबरचं ऑइल एन-१५० आणि एन-५०० मधून होतं हे खरं. पण एक गोष्ट मला आजवर कुणी नीट समजावून दिली नाही. ४० डिग्रीला एन-१५० ची व्हिस्कॉसिटी, म्हणजे घट्टपणा, धरा ३०, एन-५०० ची ९५. शाळेतलं त्रैराशिक मांडलं तर ४२ टक्के पातळ आणि ५८ टक्के जाड घातल्यावर बरोबर ६८ यायला पाहिजे. आमच्या इथं कुणीही असं मांडलं की ५६-५७ च्या घरात येतं. माल कमी दर्जाचा म्हणून पुरवठादाराशी भांडणं झालीत यावरून.

सिल्वासा_रिटर्न :
पुरवठादाराला सोडून द्या, दोष गणिताचा आहे. :)

मी केमिस्ट. सिल्वासाला ल्युब्रिकंट ब्लेंडिंगच्या लॅबमध्ये नोकरी केली, आता टिळकवाडीत घरी असते. व्हिस्कॉसिटीची सरासरी निघत नाही. पातळ ऑइलचा जोर त्याच्या वजनापेक्षा जास्त पडतो. म्हणून आकड्याचा लॉगरिदम, आणि त्या लॉगचा पुन्हा लॉगरिदम घेऊन मग टक्केवारी मांडतात. तुमचेच आकडे घेते. निम्मं-निम्मं मिसळलं तर सरासरी ६२ च्या वर दिसते, प्रत्यक्षात ५१ च्या आसपास येईल. तुमच्या ४२-५८ ला ५६ येईल, म्हणजे तुम्हाला मिळालं ते बरोबरच होतं. ६८ हवं असेल तर जाड ऑइल ७४ टक्क्यांच्या जवळ न्यावं लागेल. व्हीजी ६८ ची, म्हणजे तुमच्या ६८ नंबरची, हद्द ६१.२ ते ७४.८ सेंटिस्टोक (व्हिस्कॉसिटीचं एकक), त्यामुळे ५६ म्हणजे ग्रेडच्या बाहेर. सिलिंडर गरम झाल्यावर सील गळायला लागतं ते यामुळेही असू शकतं.

हे आकडेही कागदावरचेच. बॅरलवर एन-१५० लिहिलेलं असलं तरी दर लॉटची व्हिस्कॉसिटी थोडी हलते. त्यामुळे आधी दोन्ही बॅरलांचं माप घ्यायचं, मग हिशेब, मग वाटीभर ब्लेंड करून पुन्हा माप. कॅपिलरी ट्यूब ४० डिग्रीच्या बाथमध्ये उभी धरायची, ऑइल खूणरेषेच्या वर ओढून सोडायचं आणि दोन रेषांमधून उतरायला किती सेकंद लागले ते मोजायचं. त्या सेकंदांना ट्यूबचा स्थिरांक लावला की सेंटिस्टोक. बाथचं तापमान एका डिग्रीच्या काही शतांशांइतकंच हललेलं चालतं. बोटात धरून हे होत नाही, अण्णा.

गॅरेजअण्णा :
मॅडम, तुमची ट्यूब लॅबमध्ये. माझ्याकडं गिऱ्हाईक दारात उभं असतंय.

सिल्वासा_रिटर्न :
मान्य आहे. पण तुमच्याच दुकानातलं उदाहरण घ्या. साधं ४० नंबर आणि १५डब्ल्यू-४०, दोन्हींचे थेंब बोटावर घ्या. ४० नंबर नक्की जाड लागेल. ४० डिग्रीला ते १४० च्या पुढेमागे असतं, १५डब्ल्यू-४० असतं ११० च्या आसपास. आता दोन्ही १०० डिग्रीला नेऊन मोजा. दोन्ही १४-१५ वर येतात, कारण '४०' हा आकडाच १०० डिग्रीचा आहे, १२.५ ते १६.३ सेंटिस्टोकच्या आतला. बेअरिंगला जे ऑइल भेटतं ते गरम. बोटाला भेटतं ते थंड. काकवी थंड असताना चमच्याला चिकटून बसते आणि उकळताना पाण्यासारखी धावते, तसंच हे. कुणाचं पातळ होणं किती कमी, ते सांगणाऱ्या आकड्याला व्हिस्कॉसिटी इंडेक्स म्हणतात.

तवंदीघाट :
ताई, मग आतेभावाचं इंजिन ऑइल? हायड्रॉलिक जमतं तर ते का जमू नये?

सिल्वासा_रिटर्न :
येते त्याच्याकडे. हायड्रॉलिक ऑइलमध्ये बेस ऑइल ९९ टक्के आणि अ‍ॅडिटिव्ह एखादा टक्का. इंजिन ऑइलमध्ये डिटर्जंट-इनहिबिटरचा, म्हणजे काजळी धुणाऱ्या आणि ऑइल बिघडू न देणाऱ्या रसायनांचा, पॅकच १० टक्क्यांच्या पुढेमागे. त्याशिवाय गरम झाल्यावर फार पातळ होऊ नये म्हणून व्हिस्कॉसिटी इम्प्रूव्हर, आणि थंडीत गोठू नये म्हणून पोअर पॉइंट डिप्रेसंट, तो अगदी चिमूटभर. पण अडतं ते याच्याही आधी, बेस ऑइलच्या निवडीत.

बेस ऑइलचे पाच ग्रुप आहेत, अमेरिकेच्या पेट्रोलियम संस्थेनं, एपीआयनं, पाडलेले. पहिला ग्रुप जुन्या सॉल्व्हंट पद्धतीचा, सॅच्युरेट्स (सहज न बिघडणारे स्थिर रेणू) ९० टक्क्यांच्या खाली किंवा गंधक ०.०३ टक्क्यांच्या वर. दुसरा हायड्रोजन लावून शुद्ध केलेला, सॅच्युरेट्स ९० च्या वर, रंग पाण्यासारखा. तिसराही हायड्रोजनचाच, पण त्याचा व्हिस्कॉसिटी इंडेक्स १२० किंवा त्याहून जास्त. पहिल्या दोघांचा ८० ते १२० च्या मध्ये. चौथा म्हणजे पॉलिअल्फाओलेफिन हे कृत्रिम ऑइल, पाचव्यात एस्टरसकट उरलेलं सगळं. तुमचं एन-१५० बहुधा दुसऱ्या ग्रुपचं, एसएन-१५० असेल तर पहिल्या. देशात बेस ऑइल मुंबई, हल्दिया, चेन्नईच्या रिफायनऱ्यांत होतं, आणि बाहेरून येतं त्यात कोरियाचा माल भरपूर.

आता खरी गोम. १०० डिग्रीला ९ सेंटिस्टोक हवं, तर ते दोन तऱ्हांनी करता येतं. एक, शेजारशेजारची दोन ऑइलं घ्या, एन-१५० थोडं आणि एन-५०० जास्त. दुसरी, अगदी हलकं स्पिंडल ऑइल घ्या आणि त्यात ब्राइट स्टॉक, म्हणजे सगळ्यात जाड, १०० डिग्रीलाच ३० च्या आसपास असणारं, ते ओता. ट्यूबमध्ये दोन्ही सारखीच उतरतात. बोटाला सारखी, डोळ्याला जवळपास सारखी. पण दुसऱ्यातलं हलकं ऑइल पिस्टनच्या रिंगांशी गेलं की उडून जातं. लेव्हल उतरते, धूर येतो, आणि मागे उरतं ते जाड ब्राइट स्टॉक. हे पकडायला नोअ‍ॅक नावाची चाचणी आहे. ऑइल २५० डिग्रीवर तासभर ठेवायचं, वरून हवा ओढत राहायची, किती वजन घटलं ते बघायचं. सीआय-४ दर्जाच्या डिझेल ऑइलला १५ टक्क्यांपर्यंत मुभा आहे.

अण्णा, तुमच्या धूर मारणाऱ्या गिऱ्हाइकांपैकी काहींचं दुखणं हे असेल. त्यांनी घातलेलं ऑइल पातळ होतं असं नाही, हलकं होतं.

गॅरेजअण्णा :
हे मात्र पटलं. दोन-चार दिवसांत लेव्हल खाली आणि सीलमधून तर एक थेंब गळत नाही, अशा गाड्या बघितल्यात. मी रिंगावर संशय घ्यायचो.

चिकोडी_एक्सप्रेस :
रिंगावर संशय घेऊन बिल किती केलं तेही सांगा की अण्णा.

गॅरेजअण्णा :
तुझी गाडी येऊ दे एकदा.

शहापूरचा_पंप :
ताई, मग चांगलं इंजिन ऑइल करायचं म्हणजे नुसता तिसरा ग्रुपच घ्यायचा का? मिसळायचं कशाला?

सिल्वासा_रिटर्न :
पैसा असेल तर घ्या. पण निव्वळ तिसऱ्यात किंवा चौथ्यात अडचणी आहेत. ऑइल जितकं शुद्ध, तितकी त्याची विरघळवायची ताकद कमी. अ‍ॅडिटिव्ह धरून ठेवायला आणि चिकटा सोडवायला थोडा 'कच्चेपणा' लागतो, जो पहिल्या ग्रुपमध्ये भरपूर असतो. शिवाय पॉलिअल्फाओलेफिन रबरी सील किंचित आकसवतं. म्हणून त्यात थोडं एस्टर घालतात, ते सील फुगवतं आणि दोघांचं जमतं.

ट्रक-ट्रॅक्टरच्या १५डब्ल्यू-४० मध्ये मला आवडणारी जोडणी म्हणजे दुसऱ्या ग्रुपच्या दोन ऑइलांत थोडा तिसरा. त्यानं काय होतं बघा. १५डब्ल्यू ची अट अशी की उणे २० डिग्रीला ऑइल ठराविक मापापेक्षा घट्ट होता कामा नये. बेस ऑइल साधं असेल तर ही अट पाळायला ब्लेंड पातळ ठेवावा लागतो आणि मग गरम असतानाचं ४० गाठायला व्हिस्कॉसिटी इम्प्रूव्हर भरमसाट. हा इम्प्रूव्हर म्हणजे लांबच लांब साखळीचं प्लॅस्टिकसारखं पॉलिमर. गिअरच्या दातांत, ऑइल पंपात, रिंगांत ही साखळी तुटत जाते. भरलेलं ४० हंगामाच्या मध्यावर ३० होऊन बसतं. तिसऱ्या ग्रुपचा हात लागला की थंडीची अटही पाळली जाते, नोअ‍ॅकही सुधारतं, आणि इम्प्रूव्हर कमी लागतो. तुटायला साखळीच कमी. चांगलं ऑइल आणि बरं ऑइल यांतला फरक बराचसा इथेच पडतो, पण डब्यावर यातलं काहीच छापलेलं नसतं.

खानापुरी_पाऊस :
उणे २० डिग्री? आमच्या जांबोटीला डिसेंबरात शेकोटी पेटवतो खरी, पण इतकं नाही हो. आपल्याकडे तो 'डब्ल्यू' बघायचा कशाला?

सिल्वासा_रिटर्न :
रास्त प्रश्न. बेळगावच्या थंडीला २०डब्ल्यू पुरतं. मॅन्युअलमध्ये २०डब्ल्यू-४० लिहिलं असेल तर महागडं ५डब्ल्यू घालून जुन्या ट्रॅक्टरला काही मिळत नाही. मात्र पहाटे चालू करताना पहिली काही सेकंदं रॉकरपर्यंत ऑइल पोहोचलेलं नसतं, तेव्हाची झीज मोठी. साध्या ४० नंबरपेक्षा १५डब्ल्यू किंवा २०डब्ल्यू तिथं लवकर पोहोचतं. इतकाच त्याचा उपयोग.

गॅरेजअण्णा :
जुन्या, रिंगा सैल झालेल्या इंजिनाला मी ४० नंबरच घालणार. तिथं मला तुमचं पटलेलं नाही.

सिल्वासा_रिटर्न :
घाला. साध्या ४० मध्ये साखळी तुटायचा प्रश्नच नसतो, हा त्याचा गुण आहेच. मी भांडत नाही.

तवंदीघाट :
अ‍ॅडिटिव्हच्या डब्याबद्दल राहिलं. ऑनलाइन मिळतो म्हणतात, सीआय-४ चा.

सिल्वासा_रिटर्न :
पॅक बनवणाऱ्या मोठ्या कंपन्या जगात चारच : लुब्रिझॉल, इन्फिनियम, अ‍ॅफ्टन आणि शेव्हरॉन ओरोनाइट. एक पॅक पास व्हायला खऱ्या इंजिनांवर, ठरलेल्या तासांच्या महागड्या चाचण्या द्याव्या लागतात. त्या चाचण्या नुसत्या पॅकच्या नसतात, अमुक बेस ऑइलमधल्या अमुक टक्के पॅकच्या असतात. उद्या बेस ऑइल बदललं तर कोणत्या चाचण्या पुन्हा द्यायच्या, याचे नियम एपीआयच्या १५०९ क्रमांकाच्या दस्तऐवजात आहेत, त्यात ब्लेंडिंगवाल्याला स्वतःच्या मनाचं काही करता येत नाही. सुट्या डब्यासोबत हा कागद येत नाही. डब्यात आहे ते काय, किती जुनं, कुणी कुठून ओतून भरलं, कुणाला ठाऊक?

आणि ढवळणं. प्लांटमध्ये केटल ६०-६५ डिग्रीवर ठेवतात. त्याच्या फार वर नेलं तर झीज रोखणारं झिंकवालं अ‍ॅडिटिव्ह बिघडू लागतं, आणि थंड असेल तर इम्प्रूव्हर नीट मिसळतच नाही, तळाशी मधासारखा पडून राहतो. घरी चुलीवर बॅरल ठेवलं तर तळ करपतो आणि वरचं गारच. आगीचा धोका वेगळा. कुंदावाल्यांनी विनोदात सांगितलं ते खरंच आहे.

कुंदा_कमी_साखर :
नोंद घ्यावी, मंडळींनी माझं ऐकलं.

चिकोडी_एक्सप्रेस :
ताई, बाइकचं विचारतो. भावानं कारचं उरलेलं महाग सिंथेटिक माझ्या बाइकला घालू म्हणून आणलंय.

सिल्वासा_रिटर्न :
घालू नका. बाइकचा क्लच इंजिन ऑइलातच भिजलेला असतो. कारच्या, विशेषतः पातळ ग्रेडच्या ऑइलात घर्षण कमी करणारे पदार्थ असू शकतात, क्लच घसरतो. डब्यावर जासो (जपानी मानक) एमए किंवा एमए-२ बघा. तसंच बीएस-६ डिझेल गाडीला मागे धुरातली काजळी अडवणारा डीपीएफ फिल्टर असेल तर जुन्या सीआय-४ ची राख त्यात साठते. तिथं मॅन्युअलमध्ये लिहिलेला कमी राखेचा दर्जाच घ्या.

खानापुरी_पाऊस :
आठवडी बाजारात बिनलेबलचं ऑइल घेतलं होतं एकदा. रंग लाल, छान. जीपला घातलं, महिन्यात टॅपेट वाजायला लागले. विकणारा पुढच्या आठवड्यात गायब. तेव्हापासून रंगावर विश्वास नाही.

गॅरेजअण्णा :
ते जळकं ऑइल गाळलेलं असणार. आमच्याकडून जळकं ऑइल न्यायला माणसं येतात, कोण कुठं नेतो काय माहीत. काही सेंट्रिंगच्या पाट्यांना लावायला नेतात, काही कुंपणाच्या खांबांना वाळवी लागू नये म्हणून.

सिल्वासा_रिटर्न :
रंग डायचा असतो, त्यावरून काहीच कळत नाही. आणि जळक्या ऑइलाबद्दल दोन गोष्टी वेगळ्या करायला हव्यात. अ‍ॅसिड आणि माती घालून गाळलेलं ऑइल म्हणजे फसवणूक, आणि त्याचा आम्लाचा चिखल कुठल्यातरी ओढ्यात जातो. पण व्हॅक्यूममध्ये उर्ध्वपातन करून वर हायड्रोजन लावलेलं पुनर्शुद्ध बेस ऑइल दुसऱ्या ग्रुपच्या तोडीचं निघू शकतं. ते मिसळलेलं ऑइल कमी दर्जाचं, असं समजायचं कारण नाही. १ एप्रिल २०२४ पासून वापरलेल्या ऑइलाची जबाबदारी उत्पादकांवर टाकणारे नियमही लागू झालेत. अण्णा, नोंदणी असलेल्यालाच द्या, ते घातक कचऱ्यातच मोडतं. खांबांना लावलेलं शेवटी विहिरीतच उतरतं.

तवंदीघाट :
म्हणजे आतेभावाला नाही म्हणायचं. मग खर्च कमी करायला दुसरं काय?

सिल्वासा_रिटर्न :
आधी मॅन्युअलमधला दर्जा आणि ग्रेड बघा. मग त्याच ऑइलचा, आयएस १३६५६ या भारतीय मानकाचा शिक्का असलेला २१० लिटरचा बॅरल शेजारपाजारच्या चार ट्रॅक्टरवाल्यांत मिळून घ्या. लिटरमागे बरेच वाचतात. रांगेत इंजिन चालू ठेवल्याचे तासही ऑइलच्या खात्यात धरा, किलोमीटर बघू नका. काजळीचा अंदाज घ्यायला गरम इंजिनातल्या डिपस्टिकचा एक थेंब फिल्टर पेपरवर सोडा आणि रात्रभर आडवा ठेवा. डाग सगळीकडे सारखा राखाडी पसरला तर डिस्पर्संट (काजळी विखरून ठेवणारं रसायन) जिवंत आहे. मधे काळाकुट्ट ठिपका आणि भोवती कोरडी कड, तर काजळी एकत्र यायला लागली, ऑइल बदला.

पाण्याचा संशय असेल तर तापलेल्या तव्यावर एक थेंब. तडतडलं तर पाणी आहे. चष्मा लावून, हात लांब ठेवून करा, आणि तो तवा पुन्हा स्वयंपाकघरात जाऊ देऊ नका.

खानापुरी_पाऊस :
पाणी? बंद बॅरलमध्ये पाणी कुठून येणार? माझं बॅरल तर कधी उघडलेलंही नाही, आणि तळातून काढलेलं ऑइल दुधी दिसायलंय.

सिल्वासा_रिटर्न :
बाहेर उभं ठेवलंय का? खानापूरच्या पावसात वरच्या कडेच्या आत तळं साचतं. दिवसा बॅरल तापून हवा बाहेर टाकतं, रात्री गार झालं की आत ओढतं, आणि झाकणाच्या आट्यांतून हवेऐवजी ते साचलेलं पाणी आत जातं. बॅरल आडवं ठेवा, दोन्ही बुचं डावी-उजवीकडे, एका पातळीत येतील अशी. म्हणजे आतून ती ऑइलखाली राहतात. खाली दोन वासे टाका, जमिनीला टेकू देऊ नका. आणि दुधी झालेलं इंजिनात घालू नका.

खानापुरी_पाऊस :
शेड बांधतोय पुढच्या महिन्यात. तोवर आडवं करतो. पण तळातलं दुधी काढून टाकलं तर वरचं चालेल का?

सिल्वासा_रिटर्न :
मधल्या थरातून काढून तव्यावर बघा. तडतडलं नाही तरी इंजिनाला नको, बुरशी आणि विरलेलं अ‍ॅडिटिव्ह दिसत नाही. ट्रॉलीच्या पिना, बिजागऱ्या यांना वापरा.